थांबायला हरकत नाही

चहा ओतताना आफराने डाव्या हाताची तर्जनी कपाच्या काठावरून आत वाकवली होती. चहा बोटाला लागला की ती किटली उचलायची आणि पुढचा कप चाचपायची. त्या बोटाच्या टोकाची कातडी बाकीच्या बोटांपेक्षा काळपट आणि राठ झाली होती. खिडकीतल्या उजेडात रचनाला ते स्पष्ट दिसलं. गरम चहा ओतताना बोट घालायचं नसतं. किटली किती हलकी झाली आणि धारेचा आवाज कसा बदलला, यावरून अंदाज घ्यायचा असतो. अंधांच्या प्रशिक्षण केंद्रात हे अगदी सुरुवातीला शिकवतात. आफराला कुणी शिकवलं नव्हतं. एकोणीस वर्षांच्या त्या मुलीने बोट भाजून घेत आपली आपण वाट काढली होती.

आफराच्या डोळ्यांचं निदान झालं तेव्हा तिचे अब्बा, जैनुद्दीनभाई, कुवेतची नोकरी सोडून मुरुडला परतले आणि डोळ्याच्या पडद्याच्या त्या दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी त्यांनी संस्था काढली. रचना जनुकशास्त्रज्ञ, हितेश डोळ्यांचा सर्जन; दोघं संस्थेचे सल्लागार. दर हिवाळ्यात मुंबईहून येऊन ते शाळेच्या हॉलमध्ये जमलेल्या कुटुंबांना संशोधन कुठवर आलंय ते सांगत. आज त्याआधी या घरात वेगळं काही सांगायचं होतं. जनुकाचं औषध माणसांवर वापरून पाहण्याचा प्रयोग अखेर सुरू होणार होता. पण ते औषध ज्या पेशींना वाचवणार, त्या पेशीच आफराच्या पडद्यावर उरल्या नव्हत्या. तिच्या नव्या तपासणीत ते उघड दिसत होतं. मांडव्याहून गाडीने येताना हितेश म्हणाला होता, तूच सांग, तुझं ते ऐकतात.

जैनुद्दीनभाई मात्र खुशीत होते. प्रयोगाची बातमी त्यांच्या कानावर आली होती.

"मॅडम, औषधाला पाच वर्षं लागतील म्हणाला होतात, तुमची ती पाच वर्षं माझ्या कुवेतच्या काँट्रॅक्टपेक्षा लांब निघाली," ते म्हणाले. "तिथं निदान वर्षाला घरी यायला सुट्टी तरी मिळायची."

हितेश हसला. रचनाला हसता आलं नाही. मग हितेशच बोलू लागला, आणि ठरलं होतं ते सोडून भलतंच. दुसऱ्या एका देशात नव्या पेशी रुजवायचं काम चाललंय, उंदरांवर बरं दिसतंय, शक्यता नाकारता येत नाही. रचना ऐकत राहिली. ते शेवटचं वाक्य तिचंच होतं. इतकी वर्षं तिने ते तोलूनमापून वापरलं होतं आणि त्यात कधी चूक नव्हती. या घरात मात्र ते 'होईल' असं ऐकू जाई, हे तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या प्रशिक्षण केंद्रात आफरासाठी जागा झाली, तेव्हा तिच्या आईने, सुगराने, फोन करून विचारलं होतं. प्रयोगाचं कळेपर्यंत थांबायला हरकत नाही, असं रचना म्हणाली होती. सुगराने दुसऱ्याच दिवशी जागा सोडून दिली.

"हितेश, थांब," रचना म्हणाली. मग जैनुद्दीनभाईंकडे वळली. "या प्रयोगात आफराला घेणार नाहीत."

जैनुद्दीनभाईंनी कप खाली ठेवला. पुढच्या वर्षी घेतील का, असं त्यांनी विचारलं. आवाज अजून सौदा करायच्या तयारीतला होता.

रचनाच्या ओठांवर जुनं वाक्य आपोआप आलं होतं. तिने ते गिळलं. पुढच्या वर्षीही नाही, ती म्हणाली. औषध जिवंत पेशींनाच लागू पडतं, आणि मेलेल्या पेशी परत आणायचं औषध आज कुणाकडे नाही. आफराच्या हयातीत ते निघेल की नाही, हे तिला सांगता येणार नव्हतं, आणि तसं तिने सांगितलं.

वाडीत कुणीतरी सुपारी उतरवत होतं. झावळ्यांचा सरसर आवाज येत होता. सुगरा दाराशी उभी होती. तिने पदर सारखा केला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "पुण्याची जागा सोडली तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

हितेश तपासण्या, त्यातली अनिश्चितता असं काही सांगू लागला. सुगराने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"अंदाज होता," रचना म्हणाली.

सुगराने मान हलवली. ती चिडली असती तर रचनाला बरं वाटलं असतं. आफरा किटली हातात धरून तशीच उभी होती.

"अब्बा, हे तुम्हाला आज कळतंय होय?" ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्ही सगळे माझ्यापासून लपवताय."

जैनुद्दीनभाईंनी चष्मा काढला आणि ते तो सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. हॉलमधून निरोप आला, लोक जमलेत. कुणी उठलं नाही. सुगरा नवऱ्याच्या बोलण्याची वाट पाहत होती. ते बोलणार नाहीत हे कळल्यावर तिने आत जाऊन टेबलावरचा फोन आणला आणि रचनाच्या हातात दिला.

"पुण्याला लावा, मॅडम. आफरा येतेय म्हणून सांगा," ती म्हणाली. "आणि तिला दिसत नाही, हेही सांगा."