उंचकोटचा पाळणा

“मी बी पाळण्यात बसणार,” दगडोबा जमादार म्हणाला, आणि उमाबाईच्या समोर चढून बसला.

उंचकोटात खालच्या पेठेतून वरच्या पेठेत जायला कड्याच्या पायऱ्या होत्या, नाहीतर हा पाळणा. गावाबाहेर जायची एकच वेस, ती खाली. वर गुरुपादप्पाचे बैल घाण्यासारखे गोल फिरत. एक पाळणा चढला की दोराच्या दुसऱ्या टोकाचा, दगडांची पोती भरलेला, शेजारून उतरे. निजामाच्या हुकमानं तीन दिवस सगळं बंद होतं. मुभा फक्त मयताला, कारण लिंगायतांची दफनाची जागा वर होती.

बंदी होती शरणप्पासाठी. जळकोटच्या वाटेवरच्या तारा तोडून तो गावात कुठंतरी दडला होता. आज निसटला नाही तर नवरा पुन्हा दिसायचा नाही, हे उमाबाईला पुरतं ठाऊक होतं.

पाळण्यात मयत रिवाजाप्रमाणं मांडी घालून बसवलं होतं. तोंडभर विभूती, डोक्याला पटका, गळ्यात झेंडूच्या माळा. थोरला दीर शिवप्पा तापानं गेला, असं तिनं सांगितलं होतं. त्याला ना बायको ना पोर, म्हणून सोबत तीच. आणि दोघा भावांचे चेहरे तर एका साच्यातले.

पाळणा हलला तशी तिनं मयताचा हात घट्ट धरला.

जमादाराचे डोळे बारीक झाले. गडी मुरुडचा, इथली रीतभात कोळून प्यालेला. “थोरल्या दिराला हात लावती? माझी धाकटी भावजय माझ्या सावलीत बी उभी ऱ्हात न्हाई.”

“मेल्यावर कसली लाज, जमादारसाब?” ती म्हणाली, पण हात सोडला नाही.

जमादार खाली वाकून ओरडला, “समदे पायऱ्यांनी वर पळा! वर गेल्या गेल्या याला घेरायचं!” खालच्या वेशीवरचे चारही शिपाई बूट आपटत चढू लागले.

उमाबाई मयताच्या कानाशी लागली. “सोसा जरा. माझ्यासाठी सोसा.”

ते जमादारानं ऐकलं आणि हसून विडी पेटवली. “मेलं कोंबडं आगीला भीत न्हाई म्हणत्यात. बघू.”

त्यानं विडी मयताच्या तळपायाला टेकवली. पाय हलला नाही. नेमका तेव्हाच उतरता पाळणा करकरत शेजारून गेला. उमाबाईनं असा हंबरडा फोडला की जमादारही दचकला. ती मयताला मिठी मारून बसली.

“लई सोशीक हाय की तुझा दीर!” त्यानं तिला बाजूला सारलं आणि मयताचं नाक-तोंड दाबून धरलं. “आता किती दम कोंडतूस, शरणप्पा?”

पाळणा वर टेकला, तरी त्याचा हात तिथंच होता. हळूहळू जमादाराचा चेहरा उतरला. त्यानं मान चाचपली, छातीला कान लावला. अंग लाकडासारखं ताठ आणि गार.

“शिव शिव! खरंच मयत हाय.” त्यानं पगडी काढली, घाईघाईनं हात जोडले आणि धापा टाकत आलेल्या शिपायांना शिव्या देत वरच्या पेठेकडं निघून गेला.

गुरुपादप्पानं बैल थांबवले आणि दोरावर हात ठेवला.

“दोर हलका झाला, वैनी.”

उमाबाई मयतापासून हातभर दूर सरकली. तिनं पदर पार नाकापर्यंत ओढला आणि त्याच्या पायांवर डोकं टेकलं.

“हात लावला, माफी करा भावजी. तुमचा धाकटा भाऊ त्या पोत्यांच्या पाळण्यातनं खाली उतरला.”