बेटावरचा उत्तररंग

अच्युतबुवांच्या कपाळी बुक्का लागला, कीर्तनाचा पूर्वरंग संपला, तरी आज धाकू तांडेलाची हाक आली नाही.

दर शनिवारी तो शिडाच्या होडीतून पर्यटकांना बेटावर आणायचा, सोबत बुवांनाही. इथल्या महादेवासमोर बुवांचं निरूपण जेमतेम आटपायचं, तोच धाकू ओरडायचा, "चला बुवा! ओहोटी लागली, होडी रुतेल!" उत्तररंगातली कथा इथे कधी झालीच नव्हती. "आमचा देव अर्ध्या कीर्तनावर भागवतो," बुवा हसून म्हणायचे. परवा, सोमवारी, डॉक्टर त्यांची स्वरपेटीच काढणार होते.

बुवांनी देवळाच्या दाराकडे पाहिलं. धाकू पायरीवर मांडी घालून बसला होता.

"अरे, होडी?"

"रुतली. मीच रुतू दिली. आज कथा सांगा बुवा, पुरी."

"अहो, आमची पुण्याची बस आहे सातची!" एक पाहुणी उसळली.

"बाय माझे, बस रोज सुटते. तू बस."

बुवांचे डोळे भरून आले. त्यांनी चिपळ्या उचलून मार्कंडेयाची कथा लावली. पोर पिंडीला बिलगलं, यमाने गळ्यात फास टाकला. मघाची पाहुणीसुद्धा पुढे सरकून ऐकू लागली. "तेव्हा माझा महादेव..." म्हणत बुवांनी हात उंचावला, आणि आवाज फुटेना. धाकूने धावत पाणी दिलं. बुवांनी घोट घेतला, पुन्हा तोंड उघडलं. नुसती हवा आली.

"सावकाश होऊ दे, बुवा," धाकू कसाबसा म्हणाला. "आता भरतीपर्यंत वेळच वेळ आहे."