काचेवरचं शेवाळ

"वैनी, मोठा मासा नगं. हे बारके चार न्या, शेवाळ खाऊन काच लख्ख करत्यात," राजारामपुरीतला मासेवाला म्हणाला.

त्यांनी सगळं शेवाळ खाल्लं. फक्त टाकीच्या काचेवर आतून उमटलेला एक लहान हात सोडला.

माझी लेक स्नेहल नदीत माझ्याच हातातून निसटली. दहाव्याला, गेलेल्याचा ठसा उमटतो म्हणून, दिव्याखाली पीठ पसरलं होतं. ते सकाळी तसंच कोरं होतं.

मी आणखी सहा मासे आणले. तेही त्या हाताला तोंड लावत नाहीत. हात मात्र रोज बोटभर खाली सरकतो.

काल तळवा टाकीतल्या वाळूत गेला. आज बोटांची टोकं तेवढी वर आहेत.

मागून स्नेहलचे वडील ओरडले, "आता तरी धर की गं तिला!"