मोठ्या डिस्कची गाडी

स्टेपनी बसेना. कुणालनं ती तिसऱ्यांदा उचलली, पुढच्या डाव्या चाकाच्या जागी लावली, आणि तिसऱ्यांदा ती खणकन आपटून अडली. बोटभर जागा कमी पडत होती. मागच्या सीटवर त्याची आई, हरणाबाई, सुनेच्या मांडीवर डोकं टेकून पडली होती. मेंढरांभोवतीची वाघर, म्हणजे कोंडायची जाळी, गुंडाळताना सकाळी सातला तिच्या हाताला नाग चावला होता. वडूजचा दवाखाना अजून चौदा किलोमीटर लांब होता.

"आवं, आत्यांचं डोळं मिटाय लागल्यात," प्रियंका आतून ओरडली. "काय तरी करा!"

करत तर होताच बिचारा. गाडीतलं कळणारा सगळ्या वस्तीत तो एकटाच. खंडाळ्याच्या कंपनीत कामाला, सुट्टीला आला की दिवसभर गाडी पुसत बसायचा. गेल्या महिन्यात त्यानं हौसेनं सांगलीला जाऊन पुढच्या दोन्ही चाकांना ब्रेकच्या मोठ्या डिस्क बसवून घेतल्या. त्या डिस्क धरणारे ब्रेकचे जबडेही मोठे आले. ते मावावेत म्हणून चारही चाकं मोठी घेतली आणि त्यांच्यावर पट्टीसारखे पातळ टायर चढले. घाटउतारावर ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी खिळायची. हरणाबाईला एकदा त्यानं मुद्दाम बसवून ते दाखवलं, तेव्हा ती पदर सावरत म्हणाली होती, "लोकं गाडी पळवाय घेत्यात, तू थांबवाय घेतलीस व्हय रं?" कुणाल हसला होता. मेंढरामागं हिंडणाऱ्या बाईला काय कळणार, असं त्याला वाटलं होतं.

आज त्या पातळ टायरनं एका खड्ड्याच्या कडेवर मान टाकली. कुणालनं गाडी तशीच अर्धा किलोमीटर रेटली. मग रिम तडकली आणि चाक फिरायचंच थांबलं. डिकीतली स्टेपनी मात्र गाडीबरोबर आलेली, जुन्या मापाची. ती नव्या जबड्यावर अडत होती. हे सांगलीच्या मिस्त्रीनं सांगितलं नव्हतं आणि ह्या शहाण्यालाही सुचलं नव्हतं.

त्यानं जबडाच खोलायला घेतला. त्या बोल्टला लागणारा पाना जवळ नव्हता. त्यानं दगड घेतला आणि जबड्यावर घातला. जबडा तसूभर हलला नाही, याचीच बोटं फुटली. १०८ ला फोन केला, तर गाडी निघालीय, चाळीस मिनिटं लागतील म्हणाले. एक दूधवाला मोटारसायकलवर आला. हरणाबाईची मान धरत नव्हती, तिला दुचाकीवर बसवणार कसं? "म्होरल्या गावातनं जीप घिऊन येतो," म्हणत तो गेला. कुणालची पाचावर धारण बसली होती. तो पुन्हा स्टेपनी उचलायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा ती अडायची.

"कुनाल," हरणाबाईची जीभ जड झाली होती. "उन्ह झालं. मेंढरं सोडाय सांग."

"सांगतो, आये. तू बोलत ऱ्हा."

त्यानंतर ती बोलली नाही. जीप आली तेव्हा तिची छाती हलत नव्हती. पाठोपाठ ॲम्ब्युलन्स आली. त्यातल्या डॉक्टरांनी बराच वेळ छाती दाबून पाहिली, आणि मग हात काढून घेतला.

मातीला आलेल्या प्रत्येकाला कुणाल एकच सांगत होता. स्टेपनी बसलीच नाही. दुसरा काही मार्गच नव्हता. रडता रडता सांगायचा, रडणं थांबलं की पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. माणसं त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. "तुझ्या हातात काय हुतं गड्या," म्हणत होती. त्या एका वाक्यावर त्यानं दोन दिवस काढले. डिस्क बसवल्या ही चूक त्यानं पदरात घेतली होती, ती जन्मभर जाळणार हेही त्याला कळलं होतं. पण निदान त्या रस्त्यावर, त्या पाऊण तासात, आपण काही बाकी ठेवलं नाही, एवढाच त्याला आधार होता. प्रियंकानंही तेच समजावलं, "तुमी काय कमी केलं न्हाई," तेव्हा कुठं त्याच्या घशाखाली अर्धी भाकरी उतरली.

तिसऱ्या दिवशीचा विधी उरकला आणि तो गाडी आणायला गेला. फाट्यावर पंक्चर काढणाऱ्या भाऊसोला त्यानं बरोबर घेतलं. भाऊसो पलीकडच्या गावचा, पासष्टीचा माणूस. त्याच्या कानावर काही गेलं नव्हतं, आणि कुणालनंही सांगितलं नाही. गाडी ओढून न्यावी लागेल, दोर कुठं बांधायचा ते बघा, एवढंच तो म्हणाला.

भाऊसोनं तडकलेलं चाक पाहिलं. बाजूला पडलेली स्टेपनी हातानं फिरवून पाहिली, जबड्याला लावून पाहिली. मग जॅक उचलला, गाडीच्या मागं गेला आणि मागच्या चाकाशेजारी उकिडवा बसला.

"आवं भाऊसो," कुणाल म्हणाला, "फुटलंय ते पुढचं चाक."

"दिसतंय की," जॅकचा दांडा फिरवत भाऊसो म्हणाला. "मागं काय तुझ्या मोठ्या डिस्का न्हाईत. ही स्टेपनी मागं लावायची, अन् मागचं मोठं चाक काढून पुढं घालायचं. गाडी कशाला वडायची रं? धा मिन्टाचं काम हाय."