चष्मेवाल्या काकांचं मत

"प्रशिक्षक ठेवायचा की काढायचा?" रेडिओवरच्या निवेदिकेने विचारलं, आणि स्वयंपाकघरात बसलेल्या प्रशिक्षकाने आवाज थोडा वाढवला.

"बंद करा हो ते," बायको म्हणाली. ती मुलीचे कपडे बॅगेत भरत होती. "स्वतःच्या नावानं फोडलेले खडे ऐकायची कसली हौस?"

"थांब जरा. काकांचा फोन यायचाय."

"डोंगराच्या अलीकडे-पलीकडे घरोघरी ऐकला जाणारा" असं स्वतःच स्वतःचं कौतुक करणारा तो कार्यक्रम दर शनिवारी संध्याकाळी लागे. लोक फोन करून राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकाचा मनसोक्त उद्धार करत. आज एक बाई म्हणाल्या, या माणसाला शाळेतल्या पोरांची रांगसुद्धा सरळ लावता यायची नाही. एका टॅक्सीवाल्याने त्याला फुकटात स्टेशनवर सोडायची तयारी दाखवली. त्यांचं तरी काय चुकत होतं? ज्या शेजारी देशाला आजवर डोळे मिटून हरवलं, त्याच्याकडूनही हल्ली संघ सपाटून मार खात होता.

मुलगी शाळेत बापाचं नाव सांगेनाशी झाली होती. म्हणून बायकोने तिला माहेरच्या गावी, तिथल्या शाळेत घालायचं ठरवलं होतं. त्याच शाळेत खेळाच्या शिक्षकाची जागा रिकामी होती. मुख्याध्यापक सासऱ्यांच्या ओळखीतले. सोमवारपर्यंत वाट बघतो म्हणाले होते.

सोमवारीच फुटबॉल संघटनेची बैठक होती. अध्यक्षांनी त्याला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आपण होऊन राजीनामा द्या, मानानं निरोप देऊ. राहायचंच म्हणत असाल तर राहा. पण पुढचा सामना हरलात, तर शाळेच्या मैदानावरसुद्धा तुम्हाला कुणी उभं करणार नाही. ते मी बघेन."

"नमस्कार. चष्म्याच्या दुकानातून बोलतोय," रेडिओतून आवाज आला. प्रशिक्षक सावरून बसला.

"बोला, काका. तुमचीच वाट बघत होते," निवेदिका म्हणाली.

"माझं आपलं साधं मत आहे," काका म्हणाले. त्यांची सुरुवात दर वेळी हीच, आणि त्यानंतर दोनदा खोकणंही ठरलेलं. "या माणसाला हात लावू नका. ते यायच्या आधी आम्ही सामने बघणंच सोडलं होतं. काय बघायचं? आता सामना संपला की आमच्या गल्लीतली पोरं रस्त्यावर उतरतात. दुकानात येणारा प्रत्येक जण म्हणतो, देवा, या माणसाला उदंड आयुष्य दे."

प्रशिक्षकाचे डोळे भरून आले. "ऐकलंस?"

"ऐकलं. एकच माणूस आहे."

"एक तरी आहे ना."

बायकोने बॅगेची चेन ओढली. "आम्ही दोघी आहोत, अहो. तुमच्या त्या काकांपेक्षा एकीने जास्तच."

रविवारी सकाळी त्याने दोघींना बसमध्ये बसवून दिलं. मुलीने खिडकीतून विचारलं, "बाबा, तुम्ही नंतर येणार?"

"एक सामना झाला की आलोच."

बायको समोरच्या सीटकडे बघत राहिली.

बैठकीत तो म्हणाला, "मला राहायचंय."

"कुणाच्या भरवशावर?" अध्यक्षांनी विचारलं.

"लोकांच्या."

कुणीतरी चहाच्या कपात हसलं. मग त्यांनी त्याला ठेवलं. विश्वास होता म्हणून नव्हे; त्या खुर्चीवर बसायला दुसरा कुणी तयारच नव्हता, म्हणून. मुख्याध्यापकांनी संध्याकाळी दुसऱ्या माणसाला नेमून टाकलं. सासऱ्यांनी तेवढं कळवायला फोन केला आणि लगेच ठेवून दिला.

पुढचा सामना होता शेजाऱ्यांशी, डोंगरापलीकडच्या त्यांच्याच राजधानीत. त्याने जीव ओतून तयारी करून घेतली. खेळाडू मान हलवत आणि त्याची पाठ वळली की एकमेकांकडे बघत. रोज रात्री झोपताना तो काकांचं बोलणं आठवी. त्या गल्लीतली पोरं डोळ्यांसमोर आणी. त्यांच्यासाठी तरी जिंकायला हवं, असं त्याला मनापासून वाटे.

ते काही जमलं नाही. पूर्वार्धातच दोन गोल बसले. उत्तरार्धात खेळाडूंनी त्याच्याकडे बघणंच सोडून दिलं. सामना संपायच्या आतच अध्यक्ष उठून निघून गेले. त्याने ते पाहिलं आणि सगळं संपल्याचं त्याला कळलं. हे कळायला कुणाच्या चिठ्ठीचपाटीची गरज नव्हती.

संघाची बस स्टेडियमच्या मागे उभी होती. त्याच्याशेजारी कुणी बसणार नाही हे दिसतच होतं, म्हणून तो सगळ्यांच्या मागे राहिला. तेवढ्यात कुंपणापाशी कुणीतरी दोनदा खोकलं.

"सर, एक मिनिट. माझं आपलं साधं मत आहे..."

तो गर्रकन वळला. जाड भिंगांचा चष्मा घातलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले एक म्हातारे गृहस्थ मिठाईचा डबा घेऊन उभे होते. क्षणभर तो हरलेला सामना विसरला. बायकोला आत्ता फोन करून सांगावं, बघ, एक माणूस आला, माझ्यासाठी आला, असं त्याला वाटून गेलं. त्याने कुंपणातून हात घालून काकांचा हात घट्ट धरला.

"काका, एवढा डोंगर ओलांडून माझ्यासाठी आलात?"

"डोंगर कसला, सर?" काकांनी डबा त्याच्या हातात ठेवला आणि प्रेमाने त्याचा खांदा थोपटला. "हे काय, स्टेडियमच्या दारासमोरच दुकान आहे माझं. ऐका, आमची पोरं उतरलीसुद्धा रस्त्यावर. पुढच्या वर्षीही तुम्हीच या, बरं का."