ऊनाबाईंचं लायसन्स

"डावीकडे! बाई, डावीकडे वळायचं होतं!"

"हो का? मला वाटलं, तू गुरांकडे बोट दाखवतोयस," म्हणत ऊनाबाईंनी गाडी सरळ कुरणात घातली.

परीक्षक डेव्हलिनने कपाळाला हात लावला. सत्त्याऐंशी वर्षांच्या या म्हातारीला लायसन्स टिकवायचं तर दर दोन वर्षांनी परीक्षा देणं भाग होतं, आणि ती घ्यायला तो सकाळीच गावाहून तिच्या घरी आला होता.

तासभर हेच चाललं होतं. फाटकातून निघतानाच आरसा खांबाला घासला. टेकडी उतरताना बाईंनी गाडी रस्त्याच्या मधोमध उभी केली. खाली नदीकाठचा सखल पट्टा हिरवागार पसरला होता, पाण्यावर पेलिकन तरंगत होते.

"बघ तरी, किती छान!"

मागे दुधाचा टँकर भोंगा वाजवून थकला.

"मी काय पक्षी बघायला आलोय?"

"मग काय, माझं तोंड बघायला आलास?"

पुलावर त्या उजव्या बाजूने शिरल्या. डेव्हलिनने डोळेच मिटले.

"याच रस्त्यावर चाळीस वर्षं चालवताय ना तुम्ही?"

"साठ," बाई म्हणाल्या. "पुरात हा पूल बुडतो. माझ्या नवऱ्याचं, क्लेमचं हृदय अधू, दवाखाना गावात, दीड तासावर. पण क्लेम म्हणतो, ऊनाच्या हाती गाडी आहे तोवर मला कसली काळजी?"

डेव्हलिनला संताप आला होता, त्यात आता वाईटही वाटलं. तरी घरी पोचल्यावर त्याने कागदावर 'नापास' लिहिलं.

"माफ करा बाई. माझा नाइलाज आहे."

बाईंनी रुमाल डोळ्यांना लावला.

पडवीत बसलेल्या क्लेमने ते ऐकलं. त्याची मान खाली गेली. "झालं! म्हणजे आता गावातल्या त्या खुराड्यात राहायचं?"

"करणार काय रे? इलाजच नाही."

डेव्हलिनची गाडी दिसेनाशी झाली, तशा ऊनाबाई स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटलं आणि धाकट्या बहिणीला फोन लावला.

"बेव्ह, दवाखान्यासमोरचं ते घर घेऊन टाक. क्लेम येतोय... हो गं, झाले एकदाची नापास! मागच्या खेपेला परीक्षकाचा एवढा जीव काढला, तरी त्या मेल्याने पास केलं होतं."