आमची धाकटी

हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या कुमुदकाकू माझ्या केसाळ कोळ्याच्या काचेच्या पेटीपाशी थबकल्या. "अगं, तू पाळलेली कोळीण मेली वाटतं. उताणी पडलीय." त्या काचेवर टकटक करणार, तोच आईने त्यांचा हात धरला.

"घरात ती राहील नाहीतर मी," असं वर्षापूर्वी हीच आई म्हणाली होती.

"मेली नाही, कात टाकतेय," आई कुजबुजली. "अशा वेळी अंग कोवळं असतं तिचं. खायला ठेवलेला रातकिडासुद्धा चावेल, म्हणून सकाळीच बाहेर काढला मी."

मग बायकांच्या गप्पाही दबक्या आवाजातच झाल्या. त्या निघायच्या सुमारास कोळीण जुनी कात सोडून पायांवर उभी राहिली, मखमली, नवीकोरी.

आईने काचेला अलगद हळदीकुंकू लावलं आणि ठसक्यात सांगितलं, "ही आमची धाकटी."